निडीच्या खळ्यावरचं जेवण

ताई,

तुझ्या दहाव्याला जमलेली माणसं एकच बोलत होती. सुमनने फार सोसलं म्हणत होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाय, पेणला एका खोलीत राहून गणपतींना रंग देत आयुष्य काढलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ऐकताना मला वाटत होतं, ही माणसं कोणाबद्दल बोलतायत? मला आठवते ती बाई निडीच्या एका खळ्यावर मांडी घालून बसलेली असते. डोक्याला स्कार्फ, नखांच्या कडेला सोनेरी रंग, आणि तोंडात गरम बिरडं घेऊन जीभ भाजली म्हणून हसत असते. दुखवट्याला आलेल्या लोकांना हे कसं सांगणार? म्हणून तुलाच लिहायला बसले.

आधी त्या दिवसाचं लिहिते. आपण दोघी त्याच्याबद्दल कधीच बोललो नाही. आता परत टाळायचं नाही.

आमच्या मानसीची बारावी झाली होती आणि तिच्यासाठी माणगावचं स्थळ आलं होतं. कोलाडचे भाऊजी आणि जाऊबाई त्याच कामासाठी आमच्या रोह्याच्या घरी आले होते. तू पण पेणहून आली होतीस. सगळे जेवायला बसले, मी वाढत होते. बोलणं माणगाववर आलं तसं तू सांगून टाकलंस की पोरीला नर्स व्हायचंय, आणि तू तिच्यासोबत पुण्याला जाऊन फॉर्म भरून आलीस. मला हे माहीत होतं. मोहनरावांना नव्हतं. माझा नवरा असला तरी तुझ्याशी बोलताना मी त्यांना नेहमी मोहनरावच म्हणायची, इथेही तसंच म्हणते.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "ज्यांना स्वतःचं पोर नाय, त्यांनी दुसऱ्याच्या पोरीचं ठरवू नये."

तू आधी ताटाकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मी भाताचं पातेलं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला नजर उचलता आली नाही, मी भाताकडेच बघत राहिले. तू उठलीस, मोरीत हात धुतलेस, मानसीच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि चपला घालून निघालीस. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. ती मी उचलून ठेवली आणि संध्याकाळी चहाबरोबर खाल्ली, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

मानसी नर्सिंगला गेलीच. ती हट्टाने तुझ्यावर गेलीय. दुसऱ्या वर्षापासून मोहनराव स्वतः तिला पुण्याला सोडायला जायला लागले, आणि कंपनीत सगळ्यांना सांगायला लागले की माझी पोरगी नर्स होणार. पण तुला बोललेलं ते तसंच राहिलं. तू आमच्याकडे यायची थांबलीस. तुझ्या खोलीवर यायला मला कोणी बंदी केली नव्हती. पण तुझ्या घरी येऊन जेवायचं आणि तुला माझ्या घरी ये म्हणता यायचं नाही, हे मला जमेना. चार वर्षं आपण दोघी सख्ख्या बहिणी दुसऱ्यांच्या लग्नात नाहीतर दुसऱ्यांच्या बाराव्याला भेटलो.

मग मानसीला नोकरी लागली. पहिल्या पगारात तिने माझ्यासाठी साडी घेतली आणि तुझ्यासाठी ती शेगडी पाठवली. तुझ्याकडचं सिलेंडर संपलं की तू दोन-दोन दिवस वडापाववर काढतेस, हे तिला माहीत होतं. छोट्या बॅगेएवढी प्लास्टिकची पेटी, आत एकच बर्नर, आणि बाजूच्या कप्प्यात गॅसची डबी, तुमच्या कारखान्यात रंगाचे फवाऱ्याचे डबे असतात तशी. बटण फिरवलं की टक् आवाज होऊन पेटायची.

ती अडीअडचणीला वापरण्यासाठी दिली होती. तू आठ दिवस ती कारखान्यातल्या बायकांना दाखवत फिरलीस आणि नवव्या दिवशी मला फोन केलास.

"लते, ही शेगडी कुठं पण उचलून नेता येते गो. मग आपण घरातच भेटायला पायजे असं कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही. तू पुढे म्हणालीस की येत्या रविवारी निडीला ये, रोह्यापासून एकच स्टेशन हाय, भाकऱ्या तेवढ्या घेऊन ये. गाडीत गॅस न्यायचा नसतो म्हणून तू स्कूटीवर येणार होतीस. पेणहून निडी, वडखळ आणि नागोठणे पार करून, हायवेच्या धुळीत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी म्हटलं, वेडी झालीस काय. तू फोन ठेवून दिलास.

मी मोहनरावांना सांगितलं, निडीला जातेय, संध्याकाळच्या गाडीने येईन. कोणाकडे, असं त्यांनी विचारलं नाही. भाकऱ्यांच्या पुडक्याकडे बघितलं आणि पेपर वाचत बसले.

त्या पहिल्या दिवशी तू स्टेशनबाहेर उभी होतीस. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधलेलं, म्हणून मी आधी तुला ओळखलंच नाही. आपण शेताच्या बांधावरून चालत एका आंब्याखाली गेलो. भातकापणी होऊन गेली होती, कापलेल्या शेतात वाल दोन बोटं वर आला होता. तू शेगडी काढलीस. ती काही पेटेना. डबीच्या तोंडाला खाच असते, ती बरोबर जागेवर बसवून दांडी खाली दाबायची, हे तुला मानसीने फोनवर तीन वेळा सांगितलं होतं. मी हात लावायला गेले तर तू माझा हात बाजूला केलास. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवताना करायचीस अगदी तसा.

शेवटी पेटली, तेवढ्यात मागून एक बाई कोयता घेऊन धावत आली. "पेंढ्याच्या बाजूला जाळ करताय व्हय? उडवी पेटली तर गुरांना काय घालू मी?"

आपल्या मागे पाच हातांवर पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि आपण दोघी शहाण्या बायकांनी ती बघितलीच नव्हती. तू लगेच शेगडी बंद केलीस आणि चुकलं म्हणालीस. एवढ्या सहज चुकलं म्हणणारी बाई मी आजवर दुसरी बघितली नाही. त्या हिराबाई. राग उतरल्यावर त्यांनी शेगडी उलटसुलट करून बघितली, ना लाकूड ना रॉकेल, मग जाळ येतो कुठून ते विचारलं, आणि आपल्याला त्यांच्या खळ्यावर घेऊन गेल्या. झोडणी संपून खळं रिकामं झालं होतं. सारवलेली मोकळी जमीन, एका अंगाला करंजाची सावली. इथं बसा, म्हणाल्या, इथं पेटायला काय नाय. बदल्यात त्यांना फक्त चहा हवा होता.

त्यानंतर तीन वर्षं, दिवाळी झाल्यापासून मे संपेपर्यंत, महिन्यातून एक रविवार. पावसाळ्यात शेतात पाणी असायचं आणि तुला कारखान्यात मान वर करायला वेळ नसायचा. मध्ये एकदा तुला जवळ पडावं म्हणून आपण कासूला गेलो होतो. तिथे उघड्यावर वारा एवढा, की पाऊण तास झाला तरी चहाला उकळी येईना. आपण दोघींनी साड्यांचे पदर धरून आडोसा करायचा प्रयत्न केला, मग पेटत्या शेगडीजवळ पदर धरतोय हे लक्षात आल्यावर घाबरून सोडला. कोमट चहा प्यायलो आणि परत निडीच बरी असं ठरवलं.

एकाच बर्नरवर सगळं एकामागून एक करावं लागायचं. आधी भात, तो टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. मग वालाचं बिरडं, त्याचे वाल तू आदल्या दिवशी सोलून डबा भरून आणायचीस. मग कधी सुका जवळा आणि कांदा. शेवटी चहा. घरी मी चार बर्नर पेटवून वीस मिनिटांत स्वयंपाक उरकते. तिथे दोन तास लागायचे आणि त्या दोन तासांत मला तू परत मिळालीस. आईच्या हातचं काय काय आठवायचो आपण. तू कारखान्यातल्या गमती सांगायचीस, कुठला मालक मूर्तीच्या पितांबराचा रंग तीन वेळा बदलायला लावतो ते. मी माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांचं सांगायची.

आणि भांडायचो. मी एकदा सहज म्हटलं की चुलीवरच्या बिरड्याची चव ह्याला नाय. तर तू जी सुरू झालीस. खारेपाटातल्या सासरी तू सतरा वर्षं चूल फुंकली होतीस, पावसाळ्यात ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी. डोळे खराब झाले असते तर कारखान्यात आखणीचं काम मला कोणी दिलं असतं काय, म्हणालीस. देवाचे डोळे रंगवायला आधी स्वतःचे डोळे पायजेत. मी माघार घेतली नाही. पुढच्या वेळी मी तीन दगड मांडून, काटक्या गोळा करून, हिराबाईंना विचारून खळ्याच्या कडेला छोटी चूल पेटवली आणि अर्धं बिरडं तिच्यावर केलं. हिराबाईंना दोन्ही चाखायला दिलं. त्यांनी सांगितलं, दोन्हीत मीठ कमी हाय. तो वाद तिथेच राहिला. मला अजून वाटतं, चुलीवरचं जरा बरं होतं. तू असतीस तर हे वाचून फोन केला असतास.

एका रविवारी मात्र मी मनाशी ठरवून आले होते. भात शिजत होता, तू कांदा चिरत होतीस. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी..." तू मान वर न करता म्हणालीस, "भात बघ गो, लागंल खाली."

मी झाकण काढून बघितलं. भात खरंच लागायला आला होता. म्हणजे तू मला थांबवलंस, की सोडवलंस, की तुझं लक्ष खरोखर भाताकडे होतं, हे मला आजही सांगता येत नाही. परतीच्या गाडीत मी ठरवलं, पुढच्या महिन्यात नक्की. मग दर महिन्याला पुढचा महिना.

यंदा माघातली गोष्ट. त्या रविवारी दुपारनंतर वारा सुटला होता आणि माझी संध्याकाळची गाडी रद्द झाल्याचं हिराबाईंच्या सुनेने येऊन सांगितलं. मी घरी फोन केला, पण फोन लागेना. आपण ठरवलं, चहा करू आणि मग तू मला स्कूटीवर रोह्याला सोडशील, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. गल्लीत यायचं नाही हे न बोलताच ठरलेलं होतं. शेगडीची ज्योत सारखी विझत होती. तेवढ्यात बांधावरून मोटरसायकल आली, मोहनरावांची. गाडी रद्द झाल्याचं त्यांना रोहा स्टेशनवर कळलं होतं. गाव माहीत होतं, जागा माहीत नव्हती. तीन ठिकाणी विचारत आले होते.

मी उठून उभी राहिले. तू मात्र जागची हलली नाहीस, परत परत बटण फिरवत राहिलीस. मोहनरावांनी मोटरसायकल लांब उभी केली. हिराबाईंच्या गोठ्यापाशी पडलेला एक पत्रा उचलून आणला आणि वाऱ्याच्या बाजूला दोन दगडांवर टेकवून उभा केला. माणसाचं सगळं आयुष्य कंपनीत बॉयलरवर गेलंय, आगीचं त्यांना कळतं.

"डबीच्या बाजूला मोकळं राहू द्या," म्हणाले. "तापली तर धोका असतो."

"माहितेय मला," तू म्हणालीस.

सात वर्षांनी तुमचं दोघांचं हे पहिलं बोलणं.

चहा झाला. तू तीन पेल्यांत ओतलास आणि तिसरा त्यांच्यापुढे ठेवलास. मग डब्यात उरलेला भात आणि बिरडं ताटलीत वाढलंस. ते उभेच होते. तू म्हणालीस, सकाळची शिफ्ट करून आलायत, जेवला नसाल, बसा. ते बसले. दोन घास खाल्ले आणि तिसरा हातात धरून म्हणाले, "ताई, तेव्हा माझं चुकलं."

मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं तू रडशील, किंवा उठशील. तू त्यांच्या ताटलीत अजून एक पळी बिरडं घातलंस.

"मोहनराव, इथं पोटभर जेवा," तू म्हणालीस. "ते मात्र जिथं बोललात तिथं बोला. जे ऐकायला होते त्यांच्यासमोर. मला तोंड लपवून तुमच्या घरातून निघायला लागलं होतं."

त्यांनी मान हलवली. मे महिन्यात मानसी रजेवर येणार होती. त्यांनी विचारलं, तेव्हा याल का घरी? कोलाडहून भाऊंना पण बोलावतो. तू लगेच हो म्हणाली नाहीस. पेले विसळलेस, डबी काढून टोपण लावलंस, शेगडी गार झाली का ते हात लावून बघितलंस. मग म्हणालीस, येईन. त्या दिवशी मी मोटरसायकलवर मागे बसून रोह्याला आले आणि अर्ध्या वाटेत हेल्मेटमधून त्यांचा आवाज आला, "बिरडं चांगलं करतात ताई."

आणि चैत्रात तू गेलीस. सकाळी शेजारणीला म्हणालीस, छातीवर दाबल्यासारखं वाटतंय. तिने रिक्षा बोलावली. मी रोह्याहून एसटीने पेणला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुझ्या खिडकीत वाल भिजत घातले होते. त्या रविवारसाठी. मी ते फेकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोड आले आणि मी शेजारणीला दिले, तिने रडत रडत त्यांचं बिरडं केलं आणि आम्हाला सगळ्यांना वाढलं.

खरं सांगू? त्या दिवसांत मला मोहनरावांचा फार राग आला. चांगलं बोलायला मुहूर्त कशाला लागतो? माघातच कोलाडला फोन करून सगळ्यांना बोलावता आलं नसतं? रोजच्या शिफ्टला निघाल्यासारखी सात वर्षं काढली त्यांनी. मग चारपाच दिवसांनी तोच राग फिरून माझ्याकडे आला. ते एक वाक्य बोलले होते. मी तर एक शब्दही बोलले नव्हते, आणि मी तुझी बहीण.

तेरावं तुझ्या सासरच्या गावी झालं. तुझ्या पुतण्याने सगळं नीट केलं, काही कमी पडू दिलं नाही. तुझ्या सामानातलं काय हवं ते न्या म्हणाला. मानसीने शेगडी उचलली आणि माझ्या हातात दिली.

पुढच्या रविवारी मोहनरावांनी भाऊजींना आणि जाऊबाईंना जेवायला बोलावलं. तुझ्या दिवसांसाठी आलेल्या मानसीची रजा अजून संपली नव्हती. मला त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं. ताटं मांडली, सगळे बसले. मी वाढायला भात उचलला तर म्हणाले, जरा थांब, तू पण बस. मी बसले. जेवणाच्या वेळी त्या खोलीत मी अशी बसलेली कोणी बघितली नव्हती, म्हणून भाऊजी गडबडले.

"ह्याच जागेवर मी ताईंना बोललो होतो," मोहनराव म्हणाले. "तुम्ही सगळे होतात. मी वाईट बोललो. ही पोर आज नर्स हाय ती ताईंमुळे. हे त्यांच्यासमोर सांगायचं कबूल केलं होतं मी, ते राहिलं. आता त्यांच्या मागे सांगतो."

भाऊजी म्हणाले, झालं गेलं, सोड आता. मोहनराव म्हणाले, सोडायला ते माझं नाय, ताईंचं होतं.

आणि ताई, मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "मी पण त्या दिवशी गप्प बसले. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खाली बघितलं. माझ्या बहिणीची बाजू मी घेतली नाय. तिचं बरोबर होतं आणि मला माहीत होतं." आवाज माझा मला वेगळाच वाटला. एवढंच होतं ते वाक्य. तीन वर्षं दर महिन्याला रोह्याहून निडीला नेलं आणि तसंच परत आणलं.

मानसी माझ्या बाजूला येऊन बसली. मग तिनेच उठून सगळ्यांना वाढलं, तिच्या बाबांना सगळ्यात शेवटी. ते ताट पुढे धरून बसले होते.

तू ऐकलंस असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. मला फक्त एवढं कळलं की मी बोलल्यावर छत कोसळलं नाही. सगळ्यांनी जेवण केलं. भाऊजींनी परत आमटी मागून घेतली.

जेवणं झाल्यावर मागे मोरीपाशी मी भांडी घासत होते. जाऊबाई येऊन शेजारी बसल्या आणि भांडी विसळायला लागल्या. तुला आठवतात ना त्या, कधी मोठ्याने बोलणार नाहीत, भाऊजींच्या आधी घास घेणार नाहीत. मग म्हणाल्या, "मी पण तिथंच होते ना गो. मला पण वाईट वाटलेलं तेव्हा." मी म्हटलं, माहितेय. अजून दोन ताटं विसळल्यावर त्यांनी विचारलं की तू आणि ताई तिकडे निडीला जाऊन नेमकं काय करायचात? मी सगळं सांगितलं. शेगडी, खळं, हिराबाई, पाऊण तास न उकळलेला चहा. त्या हसल्या. जाताना, चपला घालताना, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला नेशील एकदा?"

काल नेलं.

शेगडी शनिवारी संध्याकाळीच मोहनरावांनी मोटरसायकलवरून हिराबाईंकडे पोचवली. गाडीतून गॅस न्यायचा नाय, हे मला दोनदा बजावलं, जसं काही मला माहीतच नाही. तू गेल्याचं त्यांनीच हिराबाईंना सांगितलं. काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. आम्ही पोचलो तेव्हा खळं झाडून ठेवलेलं होतं. चैत्रात कोण खळं झाडतं? हिराबाईंनी माझा हात धरला, थोड्या रडल्या, मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, चहा ठेव.

जाऊबाईंना स्वतः पेटवायची होती. मी खाच दाखवली, दांडी कशी दाबायची ते दाखवलं. पहिल्यांदा टक् झाल्यावर त्या दचकून मागे सरल्या. दुसऱ्यांदा पण. मला हात पुढे करावासा वाटला, पण मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्यांदा पेटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिली आलेली पोर बघते तसं.

भात केला, कैरी घालून सुकट केली. पहिली ताटली मी त्यांना वाढली. त्या वाट बघायला लागल्या, मी बसायची, हिराबाई बसायची. मी म्हटलं, गरम आहे तोवर खा. त्यांनी खाल्लं. सावकाश, इकडे तिकडे बघत, कोणाला काय हवं-नको ते न बघता. मध्येच म्हणाल्या की इथं किती शांत वाटतं गो. खरं तर शांत काही नव्हतं, लांबून मालगाडीचा आवाज येत होता आणि हिराबाईंची कोंबडी आमच्याभोवती ओरडत फिरत होती. मला हसू आलं आणि मग, ताई, रडू पण आलं. दोन्ही एकदमच. जाऊबाईंनी मला विचारलं नाही काय झालं. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने जेवत राहिल्या.

जेवणं आटोपता आटोपता त्यांचा फोन वाजला. भाऊजी होते. त्या उठून करंजाखाली गेल्या, पण सगळं ऐकू येत होतं. जेवायचं काय, किती वाजता येतेस, असं काहीतरी पलीकडून चाललं असावं. अडतीस वर्षं झाली त्यांच्या लग्नाला. मला वाटलं आता घाईने येतील आणि पिशवी आवरायला लागतील.

"भात पातेल्यात हाय, आमटी झाकून ठेवलीय," जाऊबाई म्हणाल्या. "वाढून घ्या. मला यायला उशीर होईल."

मग त्यांनी फोन बंद केला, परत येऊन खळ्यावर मांडी घालून बसल्या, आणि विचारलं की चहा अजून एकदा ठेवता येईल का.